सूज की वण

ला पाल्मेरा वस्ती, चिनांदेगा
२ मार्च २०१६

इसाउरा,

सात वर्षांनी लिहितेय म्हणून मला मायेचं भरतं आलंय असं समजू नकोस. चेपाबाई उद्याच्या बसने सीमेपलीकडे, तुमच्याकडे सान होसेला निघालीय. तिच्या पिशवीत लोकांचं चीज आणि मक्याच्या कडक कड्या चालल्यात, त्यांच्यावरच हे पत्र ठेवतेय. फोन करता आला असता, पण फोनवर तू रडतेस, मी ओरडते, आणि कामाचं बोलणं राहून जातं.

कामाचं बोलणं असं, की तुझा नोर्लान लेओनच्या मोठ्या इस्पितळात आहे. घाबरून जाऊ नकोस, बोलतोय, खातोय. मागच्या आठवड्यात भर दुपारी फडात त्याला उलट्या सुरू झाल्या, पोटऱ्यांत गोळे आले आणि कोयता हातात घेऊनच तो सरीत आडवा झाला. मुकादमाने कारखान्याच्या गाडीत घालून पाठवलं. आकडा साडेपाच निघाला.

आकडा म्हणजे कुठला ते तुला सांगायला नको. मूत्रपिंड रक्त गाळेनासं झालं की क्रिएटिनिन चढतं, हे इथे बालवाडीतल्या पोरालाही ठाऊक आहे. तू होतीस तेव्हा म्हातारेकोतारे एकमेकांना विचारायचे, "काय रे, किती?" आता विशीतली पोरं दुकानात साबण घ्यायला आली तरी तेच विचारतात. एकाच्या आसपास असला तर गडी हसतो. दोनाच्या वर असला तर म्हणतो, मशीन बिघडलं असेल. साडेपाचवाला काही म्हणतच नाही.

डॉक्टर म्हणते ही नवी सूज आहे. उन्हाचा तडाखा, पाणी कमी, त्यात पाठ दुखते म्हणून मुकादमाकडच्या गोळ्या. सलाइन लावलंय, ओसरेल म्हणते. तिच्या तोंडात साखर पडो. साखर म्हटलं तरी हल्ली मला धडकी भरते.

एक सांगून ठेवते. तू उठून इस्पितळात फोन करू नकोस. केलासच तर नोर्लानची चौकशी करू नकोस. का, ते पुढे कधीतरी.

काल दोरीवरच्या धुतल्या चादरीवर राख पडली. तुला आठवतं का गं, फड पेटवला की जळक्या पाचटाच्या काळ्या सुरळ्या तरंगत खाली यायच्या, आई कपडे काढायला धावायची, आणि आपण दोघी मात्र अंगणाच्या मधोमध जाऊन उभ्या राहायचो? तू माझ्या ओठावर राखेची मिशी काढायचीस, मी तुझ्या. मग बाबांचा डबा घेऊन निघायचो. चपलांचा जोड एकच, ओढ्यापर्यंत तू घालायचीस, पुढे मी. मिशा बघून बाबा म्हणायचे, "मुकादमाने हे दोन नवे गडी कुठून धरून आणले?" आणि स्वतःच्या हाताने ऊस सोलून द्यायचे. तेव्हा त्यांचाही आकडा चढलेलाच असणार, पण मोजतो कोण. ते गेले तेव्हा लोक म्हणाले, कंबर धरली होती.

चादर पुन्हा धुतली. चेपाबाई हाका मारतेय.

तुझी थोरली,
कांदिदा


१६ मार्च

इसाउरा,

तुझं पत्र मिळालं. त्यातली पहिली दोन पानं रडण्यात गेलीयत ती सोडून देते. शर्ट पोचला. कॉलर छान आहे, मापाला मात्र दोन बोटं मोठा. तू गेलीस तेव्हाच्या सहा वर्षांच्या पोराला घ्यावा, तसा वाढत्या अंगाचा घेतलायस. तो बावीस वर्षांचा आहे, जेवढा वाढायचा तेवढा वाढला.

विचारलंयस की नोर्लानची चौकशी का करायची नाही. कारण इस्पितळात नोर्लान नावाचं कुणी नाहीच. तिथे हार्विन आहे.

हंगामाआधी नोव्हेंबरात कारखाना सगळ्यांचं रक्त तपासतो. नोर्लानचा आकडा गेली दोन वर्षं पावणेदोनच्या पुढे येत होता. असल्यांना फाटकातूनच परत पाठवतात. मग आपल्याकडे काय करतात ते तुला मी शिकवायला नको. तुझ्या नवऱ्याने, एवेनोरने, शेवटचे दोन हंगाम कुणाच्या ओळखपत्रावर ऊस तोडला ते तू विसरली असशील, मी नाही. माझा हार्विन तीनचाकी सायकलवर लोकांना ने-आण करतो, ऊस म्हटला की त्याला जांभया येतात, पण तब्येत खोंडासारखी. दोघं एका ताटात जेवून वाढले, टोपी घातली की मलाही लांबून ओळखू येत नाहीत. तेव्हा रक्त दिलं हार्विनने आणि घाम गाळला नोर्लानने. कारखान्याच्या गाडीने नेलं तेव्हा खिशात हार्विनचंच कार्ड होतं.

मला माहीत होतं का, असं विचारशील. डबा मीच भरत होते.

तर आता इस्पितळात मी हार्विनची आई. नर्सबाई तशीच हाक मारते. त्यात खोटं काही नाही, हार्विनची आई आहेच मी.

पण एक अडलं. नोव्हेंबरात रक्त लख्ख होतं त्या हिशेबाने हा आकडा पार खाली यायला हवा होता. तो तीनावर येऊन बसला तो बसलाच. डॉक्टर मायोर्गा पोरसवदा बाई आहे, केस मात्र निम्मे पिकलेले. ती म्हणाली, "रक्त आजचं सांगतं. उद्याचं कळायचं तर मूत्रपिंडाचा तुकडा काढून बघावा लागेल. नुसती सूज असेल तर ओसरेल, हा पुढच्या हंगामात परत फडावर जाईल. वण असतील तर ते जायचे नाहीत." नोर्लानने नेमकं 'परत फडावर' एवढंच ऐकलं. मला डोळ्याने खुणावतोय, बघ, म्हटलं नव्हतं?

परवा तुकडा काढला. मला आत घेत नव्हते. पण तो सारखा उठून बसायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाली, येऊ दे आईला. पालथं झोपवलं, पोटाखाली गुंडाळलेली चादर. पाठीला भुलीचं इंजेक्शन दिलं, मग मोठी सुई. तिला आत चाप असतो, खटकन वाजतो. मांजर उडी मारून पळेल असा आवाज. दोनदा वाजला. बाहेर काय आलं, तर शेवयाच्या तुटक्या तुकड्याएवढं काहीतरी, जेमतेम नखाएवढ्या लांबीचं. म्हटलं, एवढ्याशा मांसावरून एका माणसाचं पुढचं सगळं आयुष्य वाचणार तुम्ही? ती म्हणाली, "वाचता येतं, लिहिता येत नाही."

पहिला खटका वाजला तेव्हा त्याने "आई" म्हणून हाक मारली. तुझीच आठवण आली असेल. तुला कळावं म्हणून लिहिलं.

मग दिवसभर उताणा पडून होता, लघवीत रक्त येतंय का ते बघत. मी शेजारी बसून त्याला त्याच्या बापाच्या गोष्टी सांगितल्या. एवेनोर नाचायला यायचा तेव्हा ओले केस चोपून बसवलेले असायचे, आणि आधी मला नाचायला विचारून मग तुला घेऊन जायचा, म्हणजे आईला संशय येऊ नये. उसाच्या ट्रकवर उभा राहून गायचा तर तीन वस्त्यांच्या बायका भाकऱ्या थापायच्या थांबायच्या. नोर्लान म्हणाला, "मला त्यांचा फक्त खोकला आठवतो." मला वाईट वाटलं. एवढं गाणारा माणूस, आणि पोराला त्याचा खोकला आठवावा.

कांदिदा


४ एप्रिल

इसाउरा,

खाली बसून वाच.

निकाल आला. डॉक्टरने मला एकटीला खोलीत बोलावलं आणि पडद्यावर तो तुकडा दाखवला, घराएवढा मोठा करून. लाल रंगाचा चिखल, त्यात गोल गोल गोळे, आणि मधून निळ्या रेघा. म्हणाली, "लाल ते जिवंत. हे बारीक ठिपके म्हणजे सूज, ती ताजी आहे. निळं ते वण. आणि हार्विनची आई, इथेच मला कोडं पडलंय. हे वण एका हंगामाचे नाहीत. मुरलेले आहेत, काही वर्षांचे. पण नोव्हेंबरात या मुलाचं रक्त स्वच्छ होतं. चार महिन्यांत एवढे वण करणारा आजार वेगळा असतो. तो धरून चालायचं तर मला फार जबर औषधं द्यावी लागतील."

मी माझ्या चपलांकडे बघत बसले. इसाउरा, मी काय काय विचार केला ते सांगते. बोलले तर दोन्ही पोरांची नावं कारखान्यातून कायमची कटणार. हार्विनच्या नावावरचा विमा जाणार, ज्यावर ही खाट मिळालीय. आणि गप्प राहिले तर ही बाई दुसऱ्याच्या रक्तावरून माझ्या पोराचं भविष्य सांगणार. माझ्या म्हणजे तुझ्या.

आणखी एक विचार केला, तो आज लिहीत नाही.

मी म्हटलं, "डॉक्टर, मांस खरं बोलतंय. रक्त दुसऱ्याचं आहे."

आणि सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता पोलीस बोलावते. ती म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नाव विचारलंत. ते कार्डावर होतं."

"असे किती असतील?"

म्हटलं, "बाई, आमची अर्धी वस्ती दुसऱ्याच्या नावावर आजारी आहे."

ती हसली नाही. पुन्हा पडद्याकडे वळली आणि पहिल्यापासून वाचायला लागली. नोर्लानचे खरे आकडे मला तोंडपाठ, मी सांगत गेले, ती मान हलवत गेली. मग म्हणाली, आता जुळतं. वेगळा आजार वगैरे काही नाही, आपला इथला उसाचाच आहे. साधारण एक तृतीयांश वण, ते गेलं ते गेलं. उरलेल्यात सूज आहे, ती ओसरेल. "आकडा दोनाच्या आत येईल. हे मूत्रपिंड जेवढं उरलंय तेवढ्यावर वीस वर्षं काढू शकतं, जास्तही. पण उसात परत गेला तर प्रत्येक हंगाम नवे वण. चार-पाच हंगामांत डायलिसिस. मी देव नाही, पण असे तुकडे मी पुष्कळ बघितलेत, आणि ज्यांचे असे होते त्यांचं पुढे काय झालं तेही."

म्हणजे कालपर्यंत ज्या निकालाची आपण वाट बघत होतो, 'सूज आहे, जा परत', तो मिळाला असता तर पोरगं नोव्हेंबरात पुन्हा कोयता घेऊन निघालं असतं. हसत निघालं असतं.

खाट गेली नाही. डॉक्टरने कुणाकुणाला फोन केले आणि नर्सबाईला खाटेवरची पाटी बदलायला लावली. नर्सबाई विचारत गेली, मी सांगत गेले. रुग्णाचं नाव? नोर्लान. आईचं नाव? इसाउरा. मग तिने खडू थांबवून माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "आणि मग तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "मावशी."

नोर्लान भिंतीकडे तोंड करून पडला होता. नर्स गेल्यावर म्हणाला, "कशाला सांगितलंस? आता मी काय करू, भाकऱ्या विकू तुझ्याबरोबर? आई असतीस तर गप्प बसली असतीस."

मी म्हटलं, "आई असते तर नोव्हेंबरातच तंगडी मोडून घरात बसवला असता. मावशी होते म्हणून डबा भरून दिला."

तेवढ्यात हार्विन आला, सगळं ऐकून म्हणाला, "बरं झालं. उद्या मी आजारी पडलो असतो तर कारखाना म्हणाला असता, याचा तुकडा आधीच काढलाय." तेव्हा नोर्लानच्या तोंडावर जरा हसू आलं.

कांदिदा


१ मे

इसाउरा,

"माझा मुलगा आहे, माझ्याकडे पाठव." वाचलं. तुझ्या त्या दूध डेअरीत थंड खोल्या आहेत, आत काम करायला माणूस हवाय, ऊन दिसत नाही, पाणी हवं तेवढं. तुझे कागद झाले, त्याचेही करशील. सगळं वाचलं, आणि पत्र चुलीत घालायला निघाले होते. हार्विनने हातातून काढून घेतलं.

सोळा वर्षं त्याला कुणी वाढवलं? मळणी झाल्यावर बरी खळ्यावर आलीस. लोक म्हणतात माय मरो पण मावशी जगो. आपल्यात माय छान धडधाकट तिकडे डोंगरात राहते, आणि मावशी इथे भाकऱ्या थापून जगते, मरायला तिला सवड नाही.

लिहून झालं. आता खरं लिहिते.

तो सात वर्षांचा असताना शाळेतून आला आणि मला आई म्हणाला. बाकीची पोरं म्हणतात तसं, सहज. मी त्याला समोर बसवून सांगितलं, मी मावशी. तुझी आई तिकडे आहे. पुन्हा म्हणाला तेव्हा पुन्हा सांगितलं. मग त्याची सवय मोडली. तुझ्या जागी मी कुणाला बसू दिलं नाही, स्वतःलाही नाही. त्या वेळी मला वाटायचं तू वर्षभरात येशील.

आणि इस्पितळात ते कार्डाचं झालं. चार माणसांत त्याला मला आई म्हणणं भाग पडलं. पहिल्या दिवशी चाचरत म्हणाला, मग सवयीने. आई, पाणी दे. आई, उशी सरकव. नर्स नसतानाही म्हणायला लागला. डॉक्टरच्या खोलीत मी चपलांकडे बघत बसले होते ना, तेव्हाचा तो विचार हा. बोलले की हे संपणार. पोराच्या जिवाचा प्रश्न, आणि माझं मन एका हाकेला अडलं होतं. पाटी बदलली त्याच दुपारी तो म्हणाला, "मावशी, पाणी दे."

त्याहून वाईट सांगते. निकालाच्या दिवशी सकाळी मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि मला मागताच येईना. निकाल चांगला आला तर हा जगणार आणि आज ना उद्या तुझ्याकडे जाणार. वाईट आला तर माझ्याजवळ राहणार, मी एवेनोरला न्यायची तशी याला डायलिसिसला नेणार. मी नुसती मेणबत्ती लावून आले. देवाला म्हटलं, तुझं तू बघ.

आई गेली तेव्हा, सात वर्षांपूर्वी, तू का आली नाहीस ते मला आता कळतं. कागद नव्हते, आली असतीस तर परत जाता आलं नसतं. खरं तर तेव्हाही कळत होतं, पण खड्ड्यावर मी एकटी उभी होते आणि कुणावर तरी रागवायचं होतं. आपल्या दोघींत जे आहे ती सूज की वण, ते कुणी सुई घालून बघितलेलं नाही. थोडं दोन्ही असेल. डॉक्टर म्हणते उरलेल्यावरही माणूस पुष्कळ जगतो.

आकडा एक पूर्णांक आठवर आलाय. हंगाम संपला की पाठवते.

दुखीच्या गोळ्या त्याला अजिबात द्यायच्या नाहीत, डोकं दुखलं तरी. तो लपून घेतो, खिसे बघत जा. दर तीन महिन्यांनी रक्त, आणि स्वतःच्या नावाने. घेवडा रात्रीचा आवडत नाही, सकाळी भातात परतलेला आवडतो. त्याला स्वेटर लागेल. आपल्याकडे स्वेटर कुणाकडे असतो? मी जुन्या कपड्यांच्या बाजारातून एक आणलाय, छातीवर हरिण आहे. हरणाला हसू नकोस, तो आधीच चिडलाय.

तुला काय म्हणेल ते त्याच्यावर सोड. मी काही शिकवून पाठवत नाही.

कांदिदा


२२ मे

इसाउरा,

हे पत्र चेपाबाई पुढच्या खेपेला आणेल. आज ती नोर्लानला घेऊन निघाली, तुला पत्र मिळेल तेव्हा तो तुझ्याकडे जेवत असेल.

नेमका आज कारखान्याने हंगाम संपल्याचा लांब भोंगा वाजवला. आठवतं, आपण त्या भोंग्यावर अंगणात गिरक्या घ्यायचो, तो थांबेपर्यंत थांबायचं नाही अशी पैज? तू नेहमी जिंकायचीस आणि मग ओकायचीस. आज मी बसथांब्यावर उभी होते, भोंगा वाजला आणि माझे पाय आपोआप हलले. या वयात. हार्विन म्हणाला, "काय होतंय?" म्हटलं, काही नाही, मुंग्या आल्या.

शेवटचा फड कालच पेटवला होता. तू पाठवलेला शर्ट त्याने घातला होता, त्यावर राख पडली. मी झटकायला गेले तर आणखी पसरली. मग त्यातलीच बोटाला लावून त्याच्या ओठावर मिशी काढली. म्हणाला, "हे काय आता?" म्हटलं, तिकडे उतरेपर्यंत पुसू नकोस, तुझ्या आईला दाखव, तिला कळेल.

बस हलली तेव्हा त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मला हाक मारून काहीतरी म्हणाला. तिथे नर्स नव्हती, डॉक्टर नव्हती, कुणाचं कार्ड कुणाच्या खिशात नव्हतं. काय हाक मारली ते मी तुला लिहिणार नाही, इसाउरा. तेवढं माझ्याकडे राहू दे. बाकी सगळा तुझ्याकडे पाठवलाय.

तुझी,
कांदिदा